हवेचं की पेशंटचं

आमच्या मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये दोन गोष्टी न पेरता उगवतात. एक बुरशी आणि दुसरे किस्से. बुरशी आम्ही पिवळ्या पिशवीत बांधतो आणि ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारून टाकतो. किस्से असे मरत नाहीत, साठत जातात. बाहेरच्या माणसाला सांगायला जावं तर त्याचा चेहरा पडतो, कारण आमचे निम्मे किस्से थुंकी नाहीतर लघवीपासून सुरू होतात. माझा नवरा जेवायला बसला की आधी मला हात जोडतो. तुम्ही जेवत नसाल अशी आशा आहे.

लॅब ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर. माणसं चार. पाध्ये मॅडम आमच्या हेड, एमडी डॉक्टर, रिपोर्टवर सही त्यांची. कांबळे सर सीनियर टेक्निशियन, राहायला कल्याणला. मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं. स्नेहल आमच्यात लहान. ती घोडबंदर रोडवरच एका पंचवीस मजली टॉवरमध्ये राहते, खिडकीतून तिला हॉस्पिटलचा बोर्ड दिसतो, आणि तरी ट्रॅफिकमुळे रोज सगळ्यात उशिरा तीच पोचते. आणि मी वैशाली, डोंबिवलीची.

सध्या आम्ही तिघीच आहोत. कांबळे सर चौथ्या मजल्यावर आहेत, पेशंट म्हणून. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला मला नऊ दिवस लागले. रोज लिफ्टपर्यंत जायचे, बटण दाबायचे, लिफ्ट यायची आणि मी परत फिरायचे. ती गोष्ट कळायला आधीचे किस्से लागतील, म्हणून क्रमाने घेते.

* * *

आमचं सगळं काम एका प्रश्नाभोवती आहे: पेशंटच्या अंगात जे वाढतंय ते कोण? नावगाव नंतर, आधी सृष्टी. शाळेत पंचसृष्टी शिकलेलो ना आपण? मोनेरा, प्रोटिस्टा, कवकं, वनस्पती, प्राणी. पाठ केलं, पेपरात लिहिलं, विसरून गेलो. लॅबमध्ये तेच पाठांतर औषध ठरवतं. बॅक्टेरिया असेल तर अँटिबायोटिक चालतं. बुरशी असेल तर तेच अँटिबायोटिक म्हणजे नुसतं पाणी, उलट बुरशीला रान मोकळं. सृष्टी चुकली की औषध चुकतं, आणि पेशंटकडे चुका सोसायला फार दिवस नसतात.

मी कामाला लागले त्या दिवशी कांबळे सरांनी मला मायक्रोस्कोपला हातही लावू दिला नाही. टेबलावर पाच वस्तू मांडल्या. वाटीत दही, एक बटाटा, बुरशी आलेला पाव, एक मश्रूम आणि कागदावर मेलेलं झुरळ. म्हणाले, जवळचे नातेवाईक शेजारी शेजारी ठेव.

मी दही आणि पाव एका बाजूला ठेवले, झुरळ लांब सरकवलं आणि बटाट्याशेजारी मश्रूम ठेवलं. आत्मविश्वासाने! सरांनी मश्रूम उचललं, झुरळाच्या शेजारी ठेवलं आणि पाव त्याच्या पलीकडे.

"भाजीवाला ठेवतो तसं ठेवलंस," ते म्हणाले. "भाजीवाला सृष्टी बघत नाही, गिऱ्हाईक बघतो."

म्हणजे बुरशी ही झाडापेक्षा प्राण्यांना जवळची. झुरळाला जवळची म्हणजे आपल्यालाही जवळचीच. हे मला बी.एस्सी. होऊनही कधी असं दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी मश्रूमची भाजी होती ती खाल्ली नाही.

पाध्ये मॅडम पक्क्या शाकाहारी. एकदा त्यांच्या डब्यात मटार-मश्रूम होतं. सरांनी तोच पाढा त्यांनाही ऐकवला, की मॅडम, मटारापेक्षा मश्रूम तुमचं जवळचं नातेवाईक लागतं. मॅडमनी घास थांबवला नाही. म्हणाल्या, "कांबळे, नातेवाइकांना खायची आमच्या घरात जुनी पद्धत आहे. माझ्या सासूबाई असत्या तर सांगितलं असतं त्यांनी." त्यानंतर सर महिनाभर मॅडमच्या डब्याबद्दल काही बोलले नाहीत.

* * *

सरांची मुलगी प्रज्ञा. आता ती नर्सिंग करते, पण ही गोष्ट ती शाळेत असतानाची. चाचणी परीक्षेत प्रश्न आला, सजीवांच्या सृष्टी किती व कोणत्या. प्रज्ञाने लिहिलं की पुस्तकात पाच आहेत, पण माझे पप्पा म्हणतात आता आधी तीन डोमेन धरतात. त्यातल्या दोन डोमेनमध्ये नुसते सूक्ष्मजीव आहेत आणि झाडं, बुरशी, प्राणी, माणसं सगळी मिळून तिसऱ्यात दाटीवाटीने राहतात. चाळीसारखी.

मार्क शून्य. खाली लाल शाईत शेरा: पालकांनी भेटावे.

सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांना वाटलं, चला, कुणीतरी विषय काढला, जरा चर्चा होईल. सोबत मॅडमच्या जाडजूड पुस्तकातली झेरॉक्सही नेली. शिक्षकांनी सगळं शांतपणे ऐकलं, झेरॉक्स उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "तुमचं अगदी बरोबर आहे, कांबळे. पण पेपर मी तपासतो."

हा किस्सा सर दरवर्षी एकदा तरी सांगायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःच पोट धरून हसायचे. हसून झालं की मात्र चष्मा पुसत म्हणायचे, आपलंही तसंच आहे. जंतू कोण आहे हे जंतू ठरवत नाही, रिपोर्ट लिहिणारा ठरवतो. मी तेव्हा त्यांच्याबरोबर हसायचे.

* * *

आमच्या फ्रिजमध्ये कप्पे सृष्टीप्रमाणे लावलेले. वरती बॅक्टेरिया, मध्ये बुरशी, खाली परजीवी. एका वर्षी तपासणीला एक साहेब आले. त्यांनी कप्पे बघितले, टिकमार्क केले आणि विचारलं की व्हायरसचा कप्पा कुठाय.

सर म्हणाले, "साहेब, तो जिवंत आहे असा कागदच आलेला नाही कुणाकडून. कागद आला की कप्पा देऊ."

साहेबांनी ते गंभीरपणे लिहून घेतलं.

पुढे करोना आला आणि आम्ही बाकीच्या सगळ्या सृष्टी खालच्या कप्प्यात कोंबून वरचा सगळा फ्रिज त्या बिनकागदाच्याला दिला. सरांनी दारावर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर मार्करने लिहिलं, बिनसृष्टीचे. आम्हाला त्या दिवसांत हसायला तेवढंच होतं.

आमच्याकडे झाडूपोछाला शेवंतामावशी होत्या, साताऱ्याकडच्या. त्या रोज दार पुसायच्या आणि त्या पट्टीचा अर्थ विचारायच्या. एकदा सरांनी बसवून समजावलं की हा धड जिवंत नाही, धड मेलेला नाही, म्हणून कुठल्याच घरात याला घेत नाहीत. मावशींनी फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "जित्ता न्हाई म्हंता, मग सॅनिटायझरनं मरतोय कसा?"

मॅडम म्हणाल्या, हा प्रश्न मावशींनी परीक्षेत काढला तर मी नापास!

दुसऱ्या लाटेत मावशी गेल्या. त्यांचा सॅम्पल आमच्याच फ्रिजमध्ये आलेला, सरांनीच तपासणीला लावलेला. रिपोर्ट छापून आला तेव्हा सर फ्रिजच्या दारावरच्या त्या पट्टीकडे गेले. मग नखाने ती सोलून काढली. पुन्हा कधी त्या फ्रिजवर त्यांनी काही लिहिलं नाही.

* * *

शीळफाट्याजवळच्या एका गावातून एक बाई यायची, नवऱ्याला घेऊन. नवऱ्याचा पाय घोट्याखाली सुजून दगड झालेला, जागोजागी भोकं आणि भोकांतून रव्यासारखे दाणे बाहेर यायचे. शेतात काटा मोडलेला, त्यातून सुरू झालेलं. बाहेरच्या कुठल्यातरी दवाखान्यात त्याला बुरशी ठरवलं आणि बुरशीची औषधं सुरू केली. महिन्यांमागून महिने! औषध जळजळीत, माणूस वाळत गेला आणि पाय वाढत गेला.

आमच्याकडे ते दाणे आले. सरांनी काचेवर चिरडले, रंग दिला आणि मॅडमना हाक मारली. मॅडमनी बघितलं, मग मला बघायला लावलं. धागेच धागे. बुरशीसारखेच, पण बारीक, फार बारीक. तो बॅक्टेरिया होता. वाढतो बुरशीसारखा, दिसतो बुरशीसारखा, जुन्या लोकांनी नावही बुरशीचंच दिलेलं. पण सृष्टी वेगळी. साध्या अँटिबायोटिकने सुरुवातीला बरा झाला असता.

मॅडम स्वतः ओपीडीत गेल्या, मी सोबत होते. मॅडमनी त्या बाईला सोप्या भाषेत सांगितलं की औषध दुसऱ्याच जंतूचं चालू होतं. हाड खाल्लं गेलं होतं, पाय कापावा लागणार होता, हे सर्जनने आधीच सांगितलेलं.

बाई रडली नाही, भांडलीही नाही. तिला फक्त हिशेब लागत नव्हता. तिने नवऱ्याच्या पायाकडे बघितलं आणि मॅडमना विचारलं, "मंग आवरे दीस आमी कोनला मारत व्हतो?"

सरांनी ती काच जपून ठेवली. नवीन माणूस आलं की पहिल्या आठवड्यात ती काच दाखवायचे आणि त्या बाईचा प्रश्न सांगायचे, तिच्याच शब्दांत. चेष्टेचा सूर लावायचे नाहीत.

* * *

आता उलटी चूक. ही स्नेहलची, आणि ती स्वतःच सांगते, त्यामुळे मी सांगायला हरकत नाही.

पावसाळ्यात आमच्या लॅबच्या हवेत बुरशीचे कण तरंगत असतात. एसी गळतो, भिंतीला ओल येते. जंतू वाढवायची प्लेट, म्हणजे झाकणाची काचेची बशी, क्षणभर उघडी राहिली तरी दोन दिवसांनी तिच्यावर कापूस उगवतो. स्नेहलचा पहिला पावसाळा. एका आजोबांच्या थुंकीच्या प्लेटवर कापूस दिसला, आणि बाई खूश! बुरशी मिळाली म्हणून रजिस्टरमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं. मॅडम त्या दिवशी परिषदेला गेलेल्या, फोनवर हो म्हणाल्या. आयसीयूत बुरशीचं इंजेक्शन सुरू झालं. ते इंजेक्शन किडनीला चांगलंच झोडपतं.

चार दिवसांनी कळलं की बुरशी आजोबांची नव्हती, आमच्या एसीची होती. तोवर आजोबा डायलिसिसवर गेलेले. ते वाचले, पण महिनाभर स्नेहल बाथरूममध्ये जाऊन रडायची.

त्यानंतर कांबळे सरांनी नियम घातला. प्लेटवर सॅम्पल लावताना आपण तारेने रेघा ओढतो. जे रेघेवर उगवलं ते पेशंटचं. जे रेघेबाहेर उगवलं ते हवेचं. हवेचं असेल तर फार विचार करायचा नाही, लिहायचं नाही, पिशवीत टाकायचं. लॅबमध्ये आमची बोलीच तशी झाली. सकाळी कुणी प्लेट उजेडात धरली की दुसरी विचारायची, हवेचं की पेशंटचं? उत्तर मिळालं की काम पुढे.

नियम चांगला होता. त्याने खूप माणसं वाचली असतील. फक्त काही बुरशी इतकी झपाट्याने वाढते की एका रात्रीत प्लेट भरून टाकते आणि झाकणाला टेकते. मग खाली रेघ कुठे होती ते दिसतच नाही. तिथे नियम संपतो आणि बघणाऱ्याचं मन सुरू होतं.

* * *

या पावसाळ्यात सरांचा डावा गाल दुखायला लागला. कल्याणच्या डेंटिस्टने दाढ बघितली, दाढ ठीक. नाक चोंदलेलं, डोकं जड. सरांना शुगर आहे, बरीच वर्षं, आणि पथ्याच्या नावाने आनंद आहे. मी ओरडायचे, तर म्हणायचे, वैशाली, मी गोड खात नाही, गोड मला खातंय.

शेवटी आमच्याच हॉस्पिटलच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून स्वॅब घेतला. सरांनी स्वतः लेबल लिहिलं, स्वतः जिना उतरून लॅबमध्ये आणला आणि माझ्या ट्रेमध्ये ठेवला. स्वतःचा स्वॅब स्वतः लावायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. मी रेघा ओढल्या, प्लेट रात्रभर उबेला इनक्युबेटरमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इनक्युबेटर उघडला. सर माझ्या आधी आलेले, मागच्या टेबलावर पाठमोरे बसून रजिस्टर भरत होते. स्नेहल अर्थातच ट्रॅफिकमध्ये. मी त्यांची प्लेट उजेडात धरली.

प्लेट भरलेली होती. करडा, मऊ कापूस, झाकणापर्यंत. रेघ कुठेच दिसत नव्हती.

मी ही नोकरी बावीस वर्षं करतेय. मला काय दिसलं ते मला कळलं. दुसऱ्या कुणाची प्लेट असती तर मी तडक मॅडमकडे गेले असते, पेशंटला शुगर आहे का विचारलं असतं, डॉक्टरांना फोन केला असता, पुन्हा सॅम्पल मागवला असता. पण लेबलवर त्यांच्या वळणदार अक्षरात त्यांचंच नाव होतं. लगेच माझं डोकं भराभर बोलायला लागलं: पावसाळा आहे, एसी गळतोय, काल झाकण जरा जास्त वेळ उघडं राहिलं होतं. राहिलं नव्हतं. मला माहीत होतं, राहिलं नव्हतं.

सरांनी मागे न वळता विचारलं, "काय आलं?"

"हवेचं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि लिहीत राहिले.

मी प्लेट पिवळ्या पिशवीत टाकली. रजिस्टरमध्ये लिहिलं, वाढ नाही. मॅडमनी त्यावर सही केली. दुपारपर्यंत पिशवी ऑटोक्लेव्हमधून निघाली आणि पुरावा म्हणून जे काही होतं ते वाफेत शिजून संपलं.

* * *

आठव्या दिवशी सर कामावर आले ते एक डोळा मिटून. वरची पापणी सुजून खाली आलेली. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला सांगितलं आणि मोबाइलचा टॉर्च मारला. टाळूवर काळा डाग होता, बोराएवढा.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. नाक-कान-घशाचे डॉक्टर खाली आले, टाळूचा तुकडा घेतला, मॅडमनी काचेवर औषधाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली ठेवला. रुंद फितीसारखे धागे, जागोजागी दुमडलेले. बुरशी. ती शुगरच्या माणसाच्या नाकातून डोळ्याकडे आणि डोळ्यातून मेंदूकडे जाते, आणि वाटेतलं सगळं काळं करत जाते.

सर म्हणाले, मला बघू द्या. मॅडम नको म्हणाल्या. सरांनी ऐकलं नाही, उजवा डोळा आयपीसला लावला, फोकस जरा फिरवला आणि बराच वेळ बघत राहिले. मग विद्यार्थ्यांना सांगतात तसं म्हणाले, "सुंदर आलीय स्लाइड. फोटो काढून ठेवा, शिकवायला होईल."

त्यांना वर नेल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. विचारलं, "वैशाली, पहिल्या प्लेटवर काही होतं का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम."

त्याच संध्याकाळी सरांचं ऑपरेशन झालं. डावा डोळा गेला, अर्धी टाळू गेली, गालाचं हाड गेलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस आधी कळलं असतं तर डोळा तरी राखता आला असता. हे ते वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, सांगत होते. मी वहिनींना धरून उभी होते आणि माझा हात त्यांच्या खांद्यावर होता. मला तो हात तोडून टाकावासा वाटला.

* * *

नऊ दिवस मी लिफ्टपर्यंत गेले आणि परत आले. स्नेहल रोज वर जायची, मॅडम दोनदा जायच्या. मी कामाची ढीगभर कारणं सांगायचे. वहिनींनी स्नेहलजवळ निरोप पाठवला, की हे विचारतात वैशाली का येत नाही.

दहाव्या दिवशी, दुपारी, मी जिन्याने गेले.

वहिनी औषध आणायला खाली चालल्या होत्या. मला बघून त्यांना बरं वाटलं, म्हणाल्या, बसा तुम्ही, मी आलेच. सर उशाला टेकून बसलेले. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी, सलाइनमधून तेच किडनीला झोडपणारं इंजेक्शन. अर्धी टाळू नसल्यामुळे आवाज नाकातून यायचा, शब्द फुटके, पण कळत होते. मला खुर्ची दाखवली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं बोलून उठले असते.

मी सगळं सांगितलं. प्लेट भरलेली होती, रेघ दिसत नव्हती, मला कळलं होतं, तरी मी हवेचं म्हटलं. झाकण उघडं राहिलं नव्हतं. मॅडमशी खोटं बोलले. आज संध्याकाळी मॅडमनाही सांगणार आहे, नोकरी जायची तर जाऊ दे. सर, तुमचा डोळा माझ्यामुळे गेला.

सर माझ्याकडे बघत होते, एका डोळ्याने. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हाताने पाणी मागितलं. मी पेल्यात स्ट्रॉ घालून दिली. दोन घोट घेतले, निम्मं बाहेर आलं, मी पुसलं.

मग ते म्हणाले, "तुझ्या आधी मी बघितली होती."

मला कळलं नाही.

"प्लेट," ते म्हणाले. "साडेसातला. उजेडात धरली. परत ठेवली, होती तशी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत सर? बहुतेक मी ओरडून विचारलं असणार, कारण शेजारच्या पलंगावरच्या माणसाने मान वळवली.

सरांनी पट्टीवरून हात फिरवला.

"तू काय म्हणतेस ते बघायचं होतं," ते म्हणाले. "तू म्हणालीस, हवेचं. मीही तेच धरून चाललो." पुन्हा पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत. "त्या दिवशी डबा सगळा खाल्ला मी."